शेजाऱ्याच्या खाचरात चढाई

कबीरच्या शाळेत मुलांना विचारलं होतं, घरात कोण काय काम करतं. कबीरने सांगितलं, "माझी आजी गेममध्ये हरते आणि तिला त्याचा पगार मिळतो." त्याच्या शिक्षिकेने 'हरते' खोडून 'खेळते' केलं. मग फोनवर कबीरने मला विचारलं, चूक कोणाची? बाळा, तुझं बरोबर होतं. जन्मभर पेपर तपासलेल्या बाईने दुसऱ्या शिक्षिकेची चूक काढू नये, पण ही मी काढते.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या कामाविषयी लिहा' म्हटलं, तेव्हा त्यांच्या मनात माझी कॉलेजातली इंग्रजीची नोकरी असावी. तिच्याविषयी सांगण्यासारखं थोडंच आहे. भोरच्या कॉलेजात शिकवलं, निवृत्त झाले, जुने विद्यार्थी बाजारात भेटले की अजून हातातली पिशवी घेतात. मला लिहायचंय ते निवृत्तीनंतर लागलेल्या कामाविषयी, आणि खरं तर माझ्या नातवंडांसाठी, ईरा आणि कबीरसाठी. ती दोघं कॅनडात असतात. त्यांची आई त्यांना हे वाचून दाखवील. बाकीच्यांनी शेजारी बसून ऐकायला हरकत नाही.

आधी गेम कसला ते सांगते. मोबाइलवरचा गेम म्हटलं की धावणं, उड्या मारणं आणि गोळीबार डोळ्यांपुढे येतो. आमचा गेम सोंगट्यांच्या जातीचा. तुम्ही तुमची खेळी करायची, 'पुढे' असं बटण दाबायचं, मग समोरचे खेळतात, मग पुन्हा तुम्ही. तुम्ही बटण दाबेपर्यंत त्या जगात काही घडत नाही. मध्येच दूध उतू जायला लागलं तर उठून गॅस बंद करून यावं, शत्रू थांबतो. सुरुवातीला डोंगरातल्या एका खोऱ्यात तुमची एक वाडी असते, थोडी घरं आणि दोन भातखाचरं. प्रत्येक खेळीला एक ऋतू सरतो. तुम्ही भात लावता, धान्य साठवता, रस्ता काढता, घाट ओलांडून पलीकडे काय आहे ते पाहता. माणसं वाढली की नवी वाडी वसवता, शिबंदी ठेवता, गड बांधता. आजूबाजूच्या वाड्या कॉम्प्युटर चालवतो आणि त्याही हेच करत असतात. शेवटी कोणातरी एकाचं राज्य होतं. गेमचं नाव 'खोरं'.

हा गेम मृणालचा. मृणाल वेल्हे तालुक्यातल्या पासलीची, माझी विद्यार्थिनी. पुण्यात चांगल्या नोकरीवर होती. ती सोडून भोरला आली आणि एसटी स्टँडजवळच्या बी-बियाण्यांच्या दुकानावरचा मजला भाड्याने घेऊन बसली. सोबत सिद्धार्थ, भोरचाच, तोही माझ्या वर्गात बसलेला. कॉम्प्युटरच्या वाड्यांनी कसं वागायचं ते तो लिहायचा. चित्रं साताऱ्याची एक मुलगी काढून पाठवायची. एवढीच कंपनी. खालून खताचा वास यायचा आणि वीज गेली की दोघं गॅलरीत येऊन एसट्या बघत उभी राहायची.

मला त्यांनी बोलावलं ते भाषा तपासायला. गेममधल्या सूचना आधी इंग्रजीत लिहिलेल्या आणि मराठी मशीनकडून करून घेतलेलं. 'आपली शेते भुकेली आहेत' असं एक वाक्य मला आठवतं. मी सगळं नीट करून दिलं. मग मृणाल म्हणाली, "मॅडम, आता खेळूनही बघा ना. शब्द कुठे अडतात ते खेळताना कळेल."

जानेवारीतली गोष्ट. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॅब ठेवून खेळायला बसले. पहिला तास मी जागची हलले नाही. माझी एक वाडी, समोर धुक्याने झाकलेला घाट, धान्य पुरेल की नाही याची काळजी. दुसऱ्या दिवशी माझ्या बऱ्याच वाड्या झाल्या. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की डाव्या हाताने मी नुसतं 'पुढे, पुढे' दाबते आहे आणि उजव्या हाताने मटार सोलते आहे. मटार सोलून झाले तेव्हा माझं राज्यही झालं होतं, आणि मला मटार जास्त लक्षात राहिले.

हे मी मृणालला जसंच्या तसं सांगितलं. ती हसली नाही.

"मॅडम, हाच रोग आहे," ती म्हणाली. "एकदा खेळणारा पुढे गेला की पुढेच जातो. मग उरलेला डाव म्हणजे नुसती हमाली. आणि जो मागे पडतो, तो आधीच सोडून जातो."

हा रोग या जातीच्या बहुतेक खेळांना असतो, हे मला पुढे कळलं. ज्याच्याकडे धान्य जास्त त्याची माणसं वाढतात, माणसं जास्त त्याची जमीन वाढते, जमीन जास्त त्याचं धान्य आणखी वाढतं. निकाल अर्ध्यात लागलेला असतो आणि डाव मात्र संपत नाही.

परदेशातल्या एका प्रकाशक कंपनीने 'खोरं' बाजारात आणायचं कबूल केलं होतं. त्यांनीही काही लोकांना तो खेळायला दिला होता. मार्चमध्ये त्यांचा निरोप आला: लोक आवडीने सुरू करतात आणि मध्येच सोडतात. दिवाळीपर्यंत लोक शेवटपर्यंत टिकले नाहीत तर आपण इथेच थांबू. मृणालने घरच्यांकडून दोन पावसाळ्यांची मुदत मागून घेतली होती, त्यातला दुसरा यायचा होता. गेम थांबला असता तर ती पुण्याला परत आणि सिद्धार्थ मिळेल तिथे. मजल्याला कुलूप.

त्या दिवसापासून मी पगारी झाले. काम असं: खेळायचं, कुठे जीव कंटाळतो ते पाहायचं, आणि ते कसं बदलता येईल यावर तिघांनी भांडायचं. बाहेरच्यांना वाटतं, काय मजेची नोकरी! ईरा, एकच धडा रोज पहिल्या ओळीपासून वाचायला लावला तर किती मजा येईल, तेवढीच यात असते. मी एक शिस्त घालून दिली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सिद्धार्थला एका दमात पाच गोष्टी बदलायची खोड होती. मग गेम सुधारला तरी कशामुळे सुधारला ते कोणालाच सांगता येत नसे. "आमटीत मीठ, चिंच आणि गूळ एकदम टाकून मग बिघडली का म्हणून विचारू नये," एवढं मी त्याला ऐकवलं. त्याने ते कागदावर लिहून पंख्याच्या बटणाखाली चिकटवलं. आदराने की चेष्टेने, ते मी विचारलं नाही.

आम्हाला कोरी माणसं हवी होती. असले खेळ खेळून तयार झालेली मुलं सरावाने खेळतात, कुठे अडतं ते त्यांना जाणवतच नाही. पहिले आले उत्रोलीचे दत्तोबा, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. मोबाइलवर पत्ते खेळण्यात तरबेज. दत्तोबांनी पहिल्या खेळीपासून रस्ते बांधायला घेतले. ना शिबंदी, ना गड. सगळं धान्य रस्त्यात घातलं. शेजारची वाडी चालून आली आणि त्याच रस्त्यांवरून अलगद आत शिरली.

"दत्तोबा, दोन सैनिक तरी ठेवा," सिद्धार्थ म्हणाला.

"सैनिक काय करायचेत? रस्ता असला की डाक्टर येतो, मास्तर येतो, नवरी येती."

"शत्रूही येतो."

"येऊ द्या की. तिकीट काढून येऊ द्या."

ते दर वेळी असंच खेळले, दर वेळी हरले आणि दर वेळी अर्ध्यातून उठून चहाला गेले. मृणाल त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायची. आमचा सगळा प्रश्न त्या खुर्चीत होता.

दुसऱ्या आल्या शेवंताबाई, मृणालची पासलीची थोरली चुलती. ती त्यांना मोठी आई म्हणते. भोरला दवाखान्यात आल्या होत्या, परतीच्या एसटीला अवकाश होता, म्हणून वर येऊन बसल्या. मे संपत आला होता. मृणालने त्यांच्या हातात टॅब दिला आणि बोट कुठे ठेवायचं ते दाखवलं. त्या नीट खेळत होत्या. गेममधला पावसाळा आला, त्यांच्या दोन खाचरांची लावणी उरकली. मग त्यांनी आपली सगळी माणसं उचलली आणि हद्द ओलांडून शेजारच्या वाडीत धाडली.

सिद्धार्थ मागे उभा होता. त्याला वाटलं, बाई पहिल्याच डावात चढाई करतायत, वा!

कॉम्प्युटरलाही तेच वाटलं. शेजारच्या वाडीने ताबडतोब युद्ध पुकारलं, शेवंताबाईंची माणसं कापून काढली आणि पुढच्या खेळीला त्यांचं खळं जाळलं.

शेवंताबाई पडद्याकडे बघतच राहिल्या. "आरं, ह्यो कसला शेजारी म्हनायचा? मी त्याच्या लावनीला मानसं धाडली, आन् ह्यानं माझ्या खळ्याला आग लावली!"

"मावशी, त्याच्या हद्दीत माणसं शिरली की तो चढाई समजतो," सिद्धार्थ म्हणाला.

"मग लावनी काय हद्दीवर हुबं ऱ्हाऊन करायची? हात लांब करून?"

"पण तुम्ही धाडलीत कशाला? तुम्हाला त्यात काय मिळणार?"

"उद्या त्यो माझ्याकडं न्हाई का येनार?"

इथे शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्या भागात भातलावणीला इर्जिक असते. ज्याच्या खाचरात चिखल झाला आणि तरवा, म्हणजे भाताची रोपं, तयार झाली, त्याच्याकडे आळीतली सगळी घरं जातात. मजुरी नसते, दुपारचं जेवण त्या घरचं. दुसऱ्या दिवशी सगळे पुढच्या घरच्या खाचरात. लावणीचे दिवस थोडे आणि हात कमी, म्हणून ही रीत. आता ती पूर्वीइतकी राहिली नाही, पण पासलीकडे अजून आहे.

मृणाल हसता हसता मध्येच थांबली. "मोठी आई, परत सांग. उद्या तो तुझ्याकडे येणार."

"तर! न्हाई आला तर बघतेच त्याच्याकडं."

त्या संध्याकाळी आम्ही तिघं उशिरापर्यंत बसलो. मृणाल फळ्यावर रेघा मारत बोलत होती. राज्य जेवढं मोठं तेवढी खाचरं जास्त, आणि लावणी एकाच ऋतूत करायची. मोठ्या राज्याला लावणीला स्वतःची माणसं पुरू नयेत. त्याला शेजाऱ्यांचे हात लागावेत. मग जो मागे पडलाय, त्याच्याकडेही एक गोष्ट अशी राहते जी पुढच्याला हवी असते. पुढच्याला मटार सोलत 'पुढे, पुढे' दाबता येणार नाही, कारण कोण येणार आणि कोण नाही हे त्याला दर पावसाळ्याला बघावं लागेल.

मला ते पटलं. सिद्धार्थने तेवढ्याच पटकन त्यातली भीती सांगितली, "एवढं आतून बदलायचं म्हणजे दिवाळी गाठणं कठीण."

"नाही बदललं तर दिवाळी गाठून तरी काय करायचं?" मृणाल म्हणाली.

त्याने जूनमध्ये इर्जिक गेममध्ये घातली. आम्ही मोठ्या अपेक्षेने शेवंताबाईंना पुन्हा बोलावलं, आता त्या आमच्या पाहुण्याच. त्यांनी पहिल्याच पावसाळ्यात तिन्ही शेजाऱ्यांची माणसं बोलावली. आली. लावणी झाली. पीक आलं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बोलावली, पुन्हा आली. स्वतःकडून एकही माणूस कुठे धाडला नाही. थोड्याच खेळींत सगळं खोरं त्यांचं झालं.

"मोठी आई! तू परत कुणाकडे गेलीच नाहीस!"

"कशाला जायचं?"

"मागच्या वेळी तूच म्हणालीस ना..."

"आगं, त्यो कॉम्प्युटर हाय. त्याच्याकडं काय मयताला जायचंय मला?"

आणि शांतपणे चहा पिऊ लागल्या. सिद्धार्थने कपाळाला हात लावला. मी मात्र त्या वाक्यावर रात्रभर विचार केला. गावात इर्जिक चालते, कारण तीच माणसं पुढे लग्नाला भेटतात, पाणवठ्यावर भेटतात, खांदा द्यायला लागतात. आमच्या कॉम्प्युटरच्या वाड्यांना कालचं काही आठवत नव्हतं आणि एकमेकींशी त्या बोलत नव्हत्या. अशा शेजाऱ्याला कोणीही फसवील. मीसुद्धा, पुढच्या डावात, फसवून पाहिलं. छान जिंकले.

मग सिद्धार्थने वाड्यांना स्मरण दिलं. कोण आलं, कोण आलं नाही हे त्या लक्षात ठेवू लागल्या. शिवाय एकीने दुसरीला सांगायचं, असंही केलं. याला आम्ही आपापसांत 'चहाडी' म्हणत होतो आणि प्रकाशकांना पाठवताना मी त्याला एक भारदस्त इंग्रजी नाव दिलं. शेवंताबाईंची लबाडी एका झटक्यात बंद झाली.

पण दत्तोबांचं निराळंच झालं. ते रस्ते बांधण्यात गुंग. एका पावसाळ्यात शेजाऱ्याकडे माणसं धाडायची विसरले. त्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. पुढे डाव संपेपर्यंत दत्तोबांच्या खाचरात कोणी पाऊल टाकलं नाही. गवत माजलं. दत्तोबा उठले.

"बसा की, अजून डाव आहे," मृणाल म्हणाली.

"कशाला बसू? येकदा चुकलो तर जल्मभर बोलनार का तुमी? त्यापरीस आमच्या डेपो म्यानेजरची बोलनी बरी."

ते खाली गेले ते चहा पिऊन परस्पर उत्रोलीला. त्या दिवशी मृणाल गॅलरीत जाऊन उभी राहिली, आणि वीज काही गेलेली नव्हती.

स्मरण कमी करून पाहिलं, तर लबाडी परत आली. वाढवलं, तर लोक उठून गेले. मधला आकडा शोधण्यात आमचे कितीतरी दिवस गेले. मला अजून वाटतं की तो आकडा शोधत बसणं ही आमची त्या वर्षातली सगळ्यात मोठी उधळपट्टी. आकड्यात ते नव्हतंच.

जुलैत मृणालच्या घरची लावणी होती. ती म्हणाली, "मॅडम, मी दोन दिवस नाही." मी म्हटलं, मीही येते. पासलीला पोचलो तेव्हा खाचरात बायकांची रांग लागलेली होती, डोक्यावरून प्लास्टिकचे कागद घेतलेले. मी छत्री घेऊन बांधावर उभी राहिले. शेवंताबाईंनी तरव्याची एक पेंढी माझ्या पायाशी फेकली.

"बाई, छत्री मिटा आन् हात चालवा. हितं बघायला तिकीट हाय."

मी चिखलात उतरले. माझ्या ओळी वाकड्या जात होत्या आणि माझ्यामागून येणारी एक बाई मुकाट्याने त्या सरळ करत होती. तिचं नाव पारूबाई. वाकल्या वाकल्या मी शेवंताबाईंना विचारलं, "एखाद्या घरानं यायचं टाकलं तर काय करता?"

"तर त्याच्याकडं बी कुनी जात न्हाई."

"कायमचं?"

सगळी रांग हसायला लागली. शेवंताबाई म्हणाल्या, "आता ह्याचं उत्तर तुमच्या मागचीच दील."

पारूबाई हातातलं काम न थांबवता म्हणाली, "माझंच इचारत्यात व्हय? लेकीच्या बाळंतपनाला पुन्याला गेले. त्या साली आमच्या घरनं कुनी आलं न्हाई. दुसऱ्या साली रागानं न्हाई आले. आमच्याकडं बी कुनी फिरकलं न्हाई. आमी दोघंच लावत बसलो, निम्मं खाचर तसंच ऱ्हायलं."

"मग?"

"मग काय! तिसऱ्या साली पदर खोचला आन् येऊन रांगंत हुबी ऱ्हायले. कुनी बोलवलं न्हवतं."

"कोणी काही म्हणालं?"

"कोन म्हनतंय? कुनी बघितलं सुदिक न्हाई. चिखल तुडवत ऱ्हायले. दुपारी जेवायची वेळ झाली, तवा बांधावर लांब बसले. अन् मग माझं बी ताट मांडलं."

"आन् ते कुनी मांडलं, सांग की!" शेवंताबाई ओरडल्या.

"तुमीच, आक्का. भाकरी करपलेली दिली व्हती पर."

"मंग? राग व्हता मला!"

मी वर पाहिलं तर मृणाल रांगेच्या दुसऱ्या टोकाला ताठ उभी होती, हातात तरवा तसाच. तिने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघींनी एकच गोष्ट ऐकली होती.

परतीच्या एसटीत ती भोरपर्यंत फोनवर सिद्धार्थशी बोलत होती. ज्याचं चुकलंय त्याने, न बोलावता, लावणीच्या ऋतूत, म्हणजे स्वतःचं खाचर अडलेलं असताना, माणसं धाडायची. पहिल्या वर्षी शेजारी बघणारही नाही. तरी धाडायची. कधीतरी ताट मांडलं जाईल.

सिद्धार्थने त्याच्या पद्धतीने एक चौकट करून ठेवली होती. तिच्यात तीन बटणं होती: क्षमा मागा, भेटवस्तू द्या, दुर्लक्ष करा. मी म्हटलं, यातलं पासलीत कोणीच काही केलं नाही. तो वैतागला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं: "मॅडम, बटण नाही, आकडा नाही, तर खेळणाऱ्याला कळणार कसं की आपलं मिटलं? न कळता कोणी आपली माणसं फुकट घालवील का?"

"एक वाक्य येऊ दे," मी म्हटलं. "मिटलं त्याच वेळी, एकदाच."

ते वाक्य मी लिहिलं. 'दुपारी त्यांनी तुमच्या माणसांचीही ताटं मांडली.' आयुष्यात मी पुष्कळ लिहून दिलं, अहवाल, मानपत्रं, निरोपाची भाषणं, पण इतकं थोडक्यात नेमकं दुसरं काही लिहिलेलं आठवत नाही. त्याचं इंग्रजी मात्र मला शेवटपर्यंत साधलं नाही. इंग्रजीत ते नुसती जेवणाची सूचना वाटते. इतकी वर्षं ती भाषा शिकवून ही माझी अवस्था. शेवटी जसं जमलं तसं दिलं.

त्यानंतर मी खेळले तेव्हा मुद्दाम चुकले, कारण तेच माझं काम. एका पावसाळ्यात कोणाकडे गेले नाही. मग दोन वर्षं माझी माणसं दुसऱ्याच्या चिखलात घातली. माझी स्वतःची खाचरं पडून राहिली. ते वाक्य काही येईना. तिसऱ्या वर्षी ते आलं तेव्हा मी टेबलावर एकटीच होते आणि मोठ्याने 'आलं!' म्हणाले. वाक्य माझंच, येणार हेही ठाऊक. तरी.

काही गोष्टी राहून गेल्या. दत्तोबांची फार इच्छा होती की नुसत्या रस्त्यांवर राज्य जिंकता यावं. ते आम्ही करू शकलो नाही आणि त्यांना दिलेला शब्द मोडला. मूळ गेममध्ये उन्हाळ्याची एक मोठी रिकामी खेळी होती, तिच्यात डोंगर भाजलेले, काम नाही, नुसतं आभाळ बघायचं. मला ती आवडायची. प्रकाशकांना ती संथ वाटली, काढावी लागली. आता शिमगा झाला की एकदम ढग येतात. खेळणाऱ्यांना खटकत नाही, मला खटकतं.

ऑक्टोबरात नवा गेम प्रकाशकांकडे गेला. त्यांच्या कार्यालयातली माणसं आठवडाभर तो स्वतः खेळून पाहणार होती आणि मग व्हिडिओवर निर्णय सांगणार होती. ठरलेल्या संध्याकाळी मी पोचले तेव्हा मृणालने नवा कुर्ता घातला होता. सिद्धार्थचा शर्ट इस्त्रीचा होता. शेवंताबाईंची भातकापणी चालू होती, त्या आल्या नाहीत. दत्तोबा मात्र न बोलावता आले होते. "माझा बी घाम हाय त्यात," असं दारातच सांगून खुर्चीत बसले.

मृणाल मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, नाही झालं तर सिद्धार्थसाठी पुण्यात एके ठिकाणी बोलून ठेवलंय. त्याला अजून सांगितलं नाही."

"आणि तू?"

"माझं बघू."

ठरल्या वेळी पडदा उजळला. प्रकाशक कंपनीच्या प्रमुख बाई दिसल्या. त्यांनी नमस्कार केला, पण त्यांचं लक्ष आमच्याकडे नव्हतं, त्या सारख्या डावीकडे बघत होत्या. मृणालने पाठ केलेलं पहिलं वाक्य सुरू केलं. त्यांनी हात वर केला.

"माफ करा," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "तुमची दहा मिनिटं घेऊ का? आमचा कालचा डाव अजून संपलेला नाही. एक जण उठायलाच तयार नाही."

त्यांनी कॅमेरा फिरवला. लांबलचक टेबल, तीन-चार माणसं, सगळ्यांच्या माना खाली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एकाचा खेळ दिसत होता. त्याचे गड गेलेले, वाड्या गेलेल्या, एका कोपऱ्यात एकच वाडी आणि दोन खाचरं शिल्लक. टेबलाच्या टोकाला लाल दाढीचा एक धिप्पाड माणूस बसला होता. वाडी त्याची असावी. तो एका हाताच्या बोटांवर काहीतरी मोजत होता आणि त्याचे सोबती त्याला उठ म्हणत होते. तो मान हलवत होता.

"कोन हाय त्यो?" दत्तोबांनी विचारलं.

"हरतोय तो," सिद्धार्थ म्हणाला.

"ते दिसतंय. मग बसलाय कशाला?"

सिद्धार्थने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मृणालने पटकन आमच्याकडचा माईक बंद केला, खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ नेली आणि आमच्याकडे न बघता हात मागे करून आम्हाला गप्प केलं.

"बोलू नका कुणी," ती म्हणाली. "खेळू दे त्याला."